कढी, पब आणि शनिवार

स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर बघितलं, कॉट्सवोल्ड्समधली पिवळसर दगडांची गावं बघितली, ऑक्सफर्डला पावसात भिजलो. फोटो ढीगभर आहेत, ज्यांना हवेत त्यांनी मागून घ्या. लिहायला बसले आहे ते स्मेदिकच्या एका पबमध्ये खाल्लेल्या कढीबद्दल.

स्मेदिक हे बर्मिंगहॅमला चिकटलेलं, जुन्या कारखान्यांचं गाव. कुठल्याही टूर कंपनीच्या यादीत सापडायचं नाही. भाचीचा नवरा बरीच वर्षं तिकडे आहे, तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला देसी पबला नेतो. पंजाबी कुटुंब चालवतं, घरचं जेवण मिळतं." मी म्हटलं, पंजाबीच खायचं तर पुण्यात काय दुष्काळ पडलाय? आपल्याकडच्या हॉटेलांत सकाळी तीन पातेली चढतात: लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही. मेन्यूतली साठ नावं दिवसभर त्यातूनच निघतात. व्हेज कोल्हापुरी म्हणून जे पुढ्यात येतं, त्यावर माझ्यासारख्या कोल्हापूरच्या माहेरवाशिणीने काही न बोललेलंच बरं.

त्यातून वार शनिवार. माझा नवरा शनिवारी अंड्याचा केकसुद्धा तोंडात घालत नाही. मारुतीचा वार पाळणाऱ्या माणसाला ग्रिलसाठी प्रसिद्ध असलेल्या पबमध्ये न्यायचं, यातला विनोद फक्त भाचीलाच दिसत होता.

बर्मिंगहॅमहून ट्रेनने रोल्फ स्ट्रीट स्टेशन, काही मिनिटांचा तर प्रवास. हाय स्ट्रीटवर आलो आणि इंग्लंड संपलं. मिठाईची दुकानं, लग्नाच्या घागऱ्यांच्या काचा, आणि भलंमोठं गुरू नानक गुरुद्वारा. त्याच्यासमोर पहिल्या महायुद्धातल्या शीख सैनिकाचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१८ साली, युद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा बसवलेला. पगडीतला जवान, हातात बंदूक, नजर सरळ. नवरा तिथे इतका वेळ उभा राहिला की भाचीने त्याला दंडाला धरून पुढे नेलं.

पबचं नाव लिहीत नाही. मालकीणबाईंनीच सांगितलं, "नाव छापू नका, शनिवारी आधीच उभं राहायला जागा नसते." आणि खरंच नव्हती. वेस्ट ब्रॉमिच अल्बियन या फुटबॉल क्लबचं मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, दुपारी तीनला सामना. आत सगळीकडे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट, निम्म्या शर्टांवर पगड्या. आमच्या जावईबापूंनी सामन्याचं वेळापत्रक न बघता आम्हाला तिथे नेलं होतं, हे मी त्यांना अजून विसरू दिलेलं नाही.

दारातच माझा पाय अडखळला, ते कबूल करते. परमिट रूमची पायरी चढायची नाही हे माझ्या पिढीच्या बायकांच्या हाडात मुरलंय. चढलीच, तर मागच्या बाजूने 'फॅमिली रूम' अशी पाटी असलेल्या, पडदे ओढलेल्या, एसीने गारठलेल्या खोलीत बसायचं. इथे दारातच एक आजी चार वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन चिप्स भरवत होत्या. शेजारी टीव्हीवर फुटबॉल, पायाखाली नक्षीदार लाल गालिचा, आणि वासाला बिअर, कोळसा आणि मेथी एकदमच. तीन वास एकमेकांना अजिबात खात नव्हते.

टेबल राखून ठेवायची पद्धत नाही, वेटर नाही. काउंटरवर जायचं, सांगायचं, आधी पैसे द्यायचे, मग जागा शोधायची. हातात ग्लास धरून लोकांच्या जेवणाकडे बघत उभं राहणं मला मुळीच आवडत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाने आपला कोट उचलून बाक मोकळा केला. "सिट डाउन, बॅब." बर्मिंगहॅमकडे सगळ्याच बायकांना बॅब म्हणतात म्हणे. साठीला टेकलेल्या मला हे एकूण बरं वाटलं.

आम्ही बसलो त्या खोलीच्या दाराला जुनी नक्षीची काच होती आणि तिच्यावर कोरलेलं होतं 'स्मोक रूम'. मी आपली धूम्रपानाची खोली समजून गप्प. भाचीने सांगितलं, "मावशी, याच खोल्यांत आपल्या लोकांना बसू देत नसत." तेव्हा पबमध्ये दोन भाग असायचे. साधा बार कामगारांचा, आणि गाद्यागिरद्यांची लाउंज किंवा स्मोक रूम जरा वरच्या लोकांची. पन्नास-साठच्या दशकांत जालंधर-होशियारपूरकडून आलेले पंजाबी इथल्या ओतशाळांत घाम गाळायचे. पाळी सुटल्यावर घसा ओला करायला पबला गेले, तर अनेक ठिकाणी त्यांना फक्त साध्या बारमध्ये देत, काही ठिकाणी तेही नाही. कायद्याने तेव्हा यात काही गैर नव्हतं. १९६४च्या निवडणुकीत स्मेदिक देशभर गाजलं ते गोऱ्या-काळ्याच्या विखारी प्रचारामुळे. देशभर मजूर पक्ष जिंकला आणि इथे हरला. पुढच्याच फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स इथली मार्शल स्ट्रीट बघायला आले. तिथली रिकामी होणारी घरं नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यावीत, असा घाट घातला गेला होता. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल त्यांना हाय स्ट्रीटवरच्या ब्लू गेट्स पबमध्ये घेऊन गेले. स्मोक रूममध्ये नकार मिळाला, मग साध्या बारमध्ये बसले. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षाच्या शेवटी सार्वजनिक जागी वर्णावरून नाकारणं बेकायदा ठरलं. जौहल स्वतः ओतशाळेतले कामगार. विद्यापीठातल्या गोऱ्या पोरांना बरोबर घेऊन ते पबमागून पब पालथे घालत, कुणाला ग्लास मिळतो आणि कुणाला नाही ते दाखवायला. पुढे कारखाने बंद पडले, पबांची गिऱ्हाइकं आटली, आणि ज्यांना आत घेत नव्हते त्यांच्यातल्याच काहींनी ते पब चालवायला घेतले.

फॅमिली रूमच्या पडद्यांबद्दलची माझी तक्रार याच्यासमोर फारच किरकोळ आहे, मला कळतं. पण कोण कुठल्या खोलीत बसणार हे दुसऱ्याने ठरवायचं, एवढी ओळख मला पटली.

तर जेवण. मिक्स ग्रिल आलं ते लोखंडी तव्यावर तडतडत, कांद्याच्या धुरासकट: लँब चॉप्स, सीख कबाब, चिकन विंग्ज. आम्हा तिघांना ते संपेना. चॉप्सचा मसाला हाडापर्यंत गेलेला आणि वर नुसता लिंबू. रंग नाही, साय नाही, काजूची पेस्ट नाही. माशाची भजी वेगळी मागवली होती, तिच्यात बेसनाइतकाच ओवा. नवऱ्यापुढे चिली पनीर. तो बिचारा निमूटपणे खात होता, पण चेहरा एकादशीचा.

ते मालकीणबाईंनी पाहिलं. चाळिशीच्या, इथेच जन्मलेल्या, बोलणंही अस्सल इथलंच. त्यांनी विचारलं, आवडलं नाही का? जावईबापूंनी शनिवारचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग आमच्या सासूबाईंसारखंच की. त्या तर कधीच खात नाहीत." तेव्हा कळलं की इथला एकूण एक मसाला, एकूण एक मटणाचा रस्सा ज्या बाई करतात, त्या शुद्ध शाकाहारी. वाटण त्यांचं, फोडणी त्यांची. मीठ चाखायची वेळ आली की मुलाला हाक मारायची. कोळशावरचं काम मुलाकडे.

दहा मिनिटांनी त्या सासूबाई, म्हणजे बीबीजी, स्वतःच आल्या. पांढरी ओढणी डोक्यावर, हातात स्टीलचं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या रोट्या. पातेल्यात घरच्यांसाठी केलेली कढी होती, मेन्यूवर नसलेली. आपली कढी भुरकायची, वाटी तोंडाला लावायची. ही चक्क जेवायची. हळदीने पिवळीधमक, चमचा उभा राहील इतकी दाट, आत कांद्याची भजी फुगून मऊ झालेली, वर सुक्या लाल मिरचीची फोडणी. आंबट इतकी की पहिल्या घासाला कानामागे शिरशिरी आली. दही मुद्दाम आंबवतात आणि मंद आचेवर कढी तासन् तास रटरटत ठेवतात, हे त्यांनी पंजाबीत सांगितलं आणि मला हिंदीच्या जोरावर समजलं. नवरा रोटी मोडत गेला, त्या वाढत गेल्या. "होर लओ," म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता पळी उलटी करायच्या. माझ्या आजोळच्या पंगतीनंतर इतका आग्रह मी कुठे बघितला नव्हता. आणि हा आग्रह पब नावाच्या ठिकाणी, भर गर्दीत, काउंटरवर रांग लागलेली असताना.

पैसे अर्थातच घेतले नाहीत. नवऱ्याने नोट पुढे केली तर बीबीजींनी त्याचा हात अशा रीतीने बाजूला केला की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. शेवटी त्याने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला, स्तुतीचा. कढी फार छान झाली होती, म्हणाला, आमच्याकडे पण करतात, फक्त आम्ही चिमूटभर साखर घालतो.

बीबीजी थबकल्या. "चीनी? कढी विच?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने ते इंग्रजीत मोठ्याने काउंटरपलीकडे मुलाला सांगितलं, मुलाने चिमटा हातात घेऊन स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मी नवऱ्याची बाजू घेऊन सांगायला लागले की अहो, चव खुलते, एकदा घालून तर बघा. तेवढ्यात कोट उचलून आम्हाला जागा देणारे ते गोरे आजोबा, इतका वेळ आपल्या पिंटमध्ये नाक घालून बसलेले, माझ्याकडे वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "शुगर इन कढी? नो, बॅब. नो."