चमकणाऱ्या लाटा आणि तिसऱ्यांची एकशिपी

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. देवगड तालुक्यात खाडीच्या कडेला आमचं घर, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आईने तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, घेतल्या. शेजारच्या काकी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरून स्वतः काढतात, वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्याकडूनच घेतो. आई विळीवर एकेक तिसरी उघडते, एक शिंपली टाकायची आणि मांस दुसऱ्या शिंपलीत तसंच ठेवायचं, म्हणून एकशिपी. उघडताना जे पाणी निघतं तेही फेकत नाही, वाटीत धरून ठेवते, खरी चव त्यातच. मी समोर बसून बघत होतो आणि डोक्यात एकच येत होतं की गेल्या काही दिवसांत खाडीत जे जे होतं ते सगळं गाळून या जिवाने पोटात घेतलंय.

या विषयाचा नाद मला लागला तो 2020च्या नोव्हेंबरात. तेव्हा मुंबईत जुहूला आणि इकडे देवगडला रात्री लाटा निळ्या चमकायला लागल्या, सगळ्यांच्या स्टेटसला तेच व्हिडिओ. तो जीव म्हणजे नॉक्टिलुका. एकाच पेशीचा, पण एवढा मोठा की नुसत्या डोळ्यांनी बारीक साबुदाण्यासारखा दिसतो, हलवलं की चमकतो, आणि दिवसा तेच पाणी कधी कधी टोमॅटोच्या सारासारखं लाल दिसतं. लोक घाबरून विचारतात हे विषारी का, तर माणसाला बाधेल असं विष तो बनवत नाही. तो अंगात अमोनिया साठवतो, मेला की तो पाण्यात सुटतो, आणि एवढा ढीग कुजायला लागला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. वाईटच आहे, पण ताटात येणारं विष हे नाही.

ताटात येणारं विष चमकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. अलेक्झँड्रियम, जिम्नोडिनियम कॅटेनाटम, पायरोडिनियम अशी नावं आहेत त्या सूक्ष्म जिवांची, ते सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष बनवतात. लिटरभर पाण्यात काही शे किंवा काही हजार पेशी असल्या तरी पुरतं, पाणी तुमच्या माझ्या डोळ्यांना नेहमीसारखंच दिसतं. पण तिसरी, कालव, शिनाणे दिवसभर पाणी गाळत बसतात आणि विष अंगात साठत जातं, त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. खाणाऱ्याचे ओठ, जीभ, बोटं अर्ध्या तासात नाहीतर दोन-तीन तासांत मुंग्या आल्यासारखी होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि जास्त गेलं असेल तर श्वास घेणारे स्नायू थांबतात. उतारा नाही. हॉस्पिटलात वेळेवर पोचला आणि मशीनवर श्वास चालू ठेवता आला तर माणूस वाचतो.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "उकडल्यावर सगळा मरता रे, गप खा." जंतू मरतात, खरंय. पण हे विष आहे, जंतू नाही. उकडा, तळा, फ्रीजरमध्ये टाका, ते तसंच राहतं, आणि ती वाटी, जी आई जपून ठेवते, त्या पाण्यातही उतरतं.

आणि हे आपल्याच किनाऱ्यावर झालंय. 1983 मध्ये मंगळुरूजवळ कुंबळेच्या खाडीतल्या शिंपल्या खाऊन लोक आजारी पडले, एक मुलगा गेला. 1997च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमला शिनाण्यांसारख्याच शिंपल्या खाऊन सात माणसं गेली आणि पाचशेच्या वर लोक हॉस्पिटलात. सप्टेंबर हा महिना मला तेव्हापासून टोचतो.

कारण सप्टेंबरात आपल्या समुद्रात काय चाललेलं असतं ते बघा. पावसाळ्यातल्या वाऱ्यांनी किनाऱ्याजवळचं वरचं पाणी सरकतं आणि खालचं थंड, खतासारख्या द्रव्यांनी भरलेलं पण ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर येतं, हे केरळकडून सुरू होतं आणि उत्तरेकडे सरकत येतं. त्यावर नद्यांचं गोडं पाणी येऊन पसरतं, ते हलकं, म्हणून झाकणासारखं वर बसतं आणि खालचं वरचं मिसळत नाही. मग वारा पडतो, ढग हटतात, कडक ऊन लागतं. म्हणजे खायला भरपूर, प्रकाश भरपूर आणि पाणी शांत. एरवी अशा वेळी डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं वाढतात, ते समुद्राचं गवत, त्यावर तारली-बांगडा पोसतो, त्यांच्याशिवाय आपली मासेमारीच नाही. पण डायटमला काचेसारखं कवच बांधायला सिलिका लागते, आणि शांत पाण्यात ते हळूहळू खाली बसतात. त्या विषारी जिवांना शेपटासारखा धागा असतो, ते पोहतात, रात्री खाली जाऊन नायट्रोजन घ्यायचा आणि दिवसा वर उन्हात यायचं. पाणी खवळलेलं असेल तर त्यांना हे जमत नाही, शांत असेल तर बाकीच्यांपेक्षा तेच भारी पडतात.

आता यात आपला हात कुठे, तर इथे. सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेली खतं खाडीत नायट्रोजन आणि फॉस्फरस ओततात, पण सिलिका त्या प्रमाणात वाढत नाही, उलट नदीवर धरणं बांधली की ती बरीचशी तिथेच अडकते. म्हणजे जेवण वाढलं, पण डायटमच्या पानात भाजीच नाही. जे दुसरे असतात त्यांचं फावतं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हेच लागतं, कारण पाऊस, वारा, ऊन आपल्या हातात नाही पण गटार कुठे सोडायचं हे आहे, आणि खाडीकाठच्या प्रत्येक गावात गटार सरळ खाली उतरताना मी लहानपणापासून बघतोय.

अजून एक गोष्ट, हे जीव परिस्थिती बिघडली की कवचात बंद होऊन चिखलात जाऊन बसतात, वर्षानुवर्षं बसू शकतात, आणि पाणी मनासारखं झालं की फुटतात. शेतातलं तण बघा, एकदा बी पडलं की संपत नाही, तसंच. जहाजांच्या तोल राखायच्या पाण्यातूनही ते एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात, त्यावरचा आंतरराष्ट्रीय करार 2017 मध्ये लागू झाला.

हैदराबादला इन्कॉइस म्हणून समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था आहे, तिच्याकडून उपग्रहावरून समुद्रात असं काही फोफावलंय का याची माहिती मिळते, मी बघतो कधी कधी. पण उपग्रहाला रंग दिसतो, विष दिसत नाही, आणि आमची अरुंद खाडी तर त्याला नीट दिसतही नाही. विष कळायला शिंपलीचं मांस घेऊन तपासावं लागतं, किलोमागे 800 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की बऱ्याच देशांत काढणी बंद करतात. आमच्या बाजारात अशी बंदी लागलेली मी एकदाही बघितली नाही.

त्या दिवशी एकशिपी मी खाल्ली. ऑक्टोबर संपला होता, आठ दिवस घरोघरी त्याच खाडीतल्या तिसऱ्या शिजत होत्या आणि कोणाला काही झालं नव्हतं. तपासणी म्हणून माझ्याकडे एवढंच होतं. संध्याकाळी काकी टोपली न्यायला आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, सप्टेंबराचं, विळिंजमचं, ओठांना मुंग्या आल्या तर थांबायचं नाही सरळ दवाखान्यात जायचं, ते पण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग टोपली कमरेवर घेत म्हणाल्या, "मगे ह्यां तपासूक खंय देवचां?"

मी दुसऱ्या दिवसापासून फोन करतोय. तिसऱ्या ऑफिसात एकाने नंबर लिहून घेतला आणि परत करतो म्हणाला. सोमवारी मीच परत लावणार आहे.