मॅमोग्राफीनंतर अडलेली पुनर्तपासणी : माझा अनुभव

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या महिला मंडळाने नवरात्रीपूर्वी चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी एका तपासणी केंद्रात सवलतीच्या दरात मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे, शिबिर ठेवले होते. नावनोंदणी आणि प्रत्यक्ष तपासणी सुरळीत पार पडली, त्यामुळे त्याविषयी फारसे लिहीत नाही. यंत्राचा दाब काही क्षण दुखतो, इतकेच. ज्यांची पाळी अजून सुरू आहे त्यांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात वेळ घ्यावी, म्हणजे तो त्रासही कमी होतो.

अडले ते अहवाल हाती आल्यावर. माझ्या अहवालाच्या शेवटी ‘बायरॅड्स 0’ असे छापले होते (बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष आकड्यात सांगणारी श्रेणी) आणि केंद्राच्या खिडकीवरच्या मुलीने कागद देताना ‘झीरो छे बेन, कंई नथी’ (शून्य आहे, काही नाही) असे सांगून टाकले. माझ्यापुढे उभ्या असलेल्या, आमच्याच मंडळातील एका वहिनींनाही तिने तेच सांगितले होते आणि त्या निश्चिंत मनाने घरी गेल्या होत्या. वास्तविक या श्रेणीत 1 म्हणजे तपासणी निर्दोष, 2 म्हणजे जे दिसते ते निश्चितपणे साधे, 4 आणि 5 म्हणजे बायोप्सी (पेशींचा नमुना काढून तपासणे) आवश्यक; 0 याचा अर्थ मूल्यमापन अपूर्ण आहे, आणखी छायाचित्रे, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्मशी तुलना केल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. अहवालात खाली बारीक अक्षरांत तसे लिहिलेही होते. मी ती ओळ खिडकीवर दाखवली, तेव्हा डॉक्टरांना विचारा असे उत्तर मिळाले; छायाचित्रे वाचून अहवाल देणारे डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, रुग्णांना भेटत नाहीत, असे आतून सांगण्यात आले; वेळ देणाऱ्या टेबलावर शिबिराच्या डॉक्टरांची नवी चिठ्ठी मागितली गेली; आणि शिबिराची सवलत संपली असल्यामुळे ती चिठ्ठी कोणी द्यायची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ‘फोन आवशे’ या आश्वासनावर कित्येक दिवस गेले आणि फोन आला नाही. शेवटी मी थेट विचारले की या शिबिरातून परत बोलावलेल्या स्त्रियांची यादी तुमच्याकडे आहे का. केंद्राने सांगितले, ती मंडळाकडे असेल. मंडळ समजत होते, ती केंद्राकडे आहे. यादी मुळात झालीच नव्हती.

याचा संताप आजही ओसरलेला नाही, कारण शिबिराच्या कामाचा ताळेबंद किती स्त्रियांची तपासणी झाली या एकाच आकड्यावर मांडला गेला होता. तपासणी कार्यक्रमाचा दर्जा मोजण्याच्या कसोट्या जगात ठरलेल्या आहेत. युरोपच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या फेरीत पुनर्तपासणीसाठी बोलावल्या जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 7 टक्क्यांपेक्षा कमी असावे, शक्यतो 5 टक्क्यांपेक्षा कमी. ते फार वाढले तर असंख्य स्त्रिया विनाकारण धास्तावतात आणि फारच घटले तर खरे आजार नजरेतून सुटण्याची शक्यता असते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात किती स्त्रियांना कर्करोग झाल्याचे आढळले, ही त्याहून कठोर कसोटी, कारण तिच्यासाठी प्रत्येक नावाचा पुढे काही वर्षे मागोवा ठेवावा लागतो. पहिल्या भेटीपासून 60 दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तन कर्करोगविषयक उपक्रमाचे उद्दिष्ट आहे. ज्या ठिकाणी परत बोलावलेल्यांची यादीच नाही, तेथे यांपैकी एकही गोष्ट मोजता येत नाही.

आपल्या देशात 2016 पासूनच्या सरकारी आराखड्यात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांच्या स्तनांची दर 5 वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने तपासणी करावी अशी योजना आहे, मॅमोग्राफी नव्हे. मात्र गाठ लागलेली स्त्री पुढच्या रुग्णालयात पोहोचली की नाही, हा प्रश्न तेथेही तितकाच महत्त्वाचा आहे.

माझी कोंडी सुटली ती लेखी अर्जामुळे. अहवालाची प्रत जोडून, पुनर्तपासणीची तारीख लेखी कळवावी अशी मागणी करणारा अर्ज मी दिला आणि त्याची पोच घेतली. तोंडी विनंत्यांना दाद न देणाऱ्या टेबलावरून त्यानंतर लगेच वेळ मिळाली. वहिनींनाही मी आग्रहाने बरोबर नेले. माझ्या बाबतीत जादा छायाचित्र आणि सोनोग्राफी यांतून साधी पाण्याची गाठ निघाली आणि मनावरचे फार मोठे ओझे उतरले. वहिनींना बायोप्सी सांगितली गेली. तिचा निकाल हा त्यांचा खासगी विषय असल्यामुळे तो येथे लिहीत नाही. त्या दिवशी त्यांना घरी बसू दिले नाही, याचे मला समाधान आहे.

फिल्म किंवा सीडी केंद्रात सोडून येऊ नये. पुढच्या वेळी तुलनेसाठी तीच लागते. तपासणीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्याचे कण छायाचित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि त्यापायी पुन्हा बोलावणे येऊ शकते.

मंडळाच्या बैठकीत मी शिबिराच्या नोंदवहीत तीन नवे रकाने मागितले : कोणाला परत बोलावले, ती कोणत्या तारखेला परत आली आणि अंतिम निदान कधी झाले. कार्यकारिणीने ते मान्य केले आहेत. केंद्राने ही माहिती देण्याचे अद्याप कबूल केलेले नाही, आणि ते लेखी कबूल करीपर्यंत पुढील शिबिराची तारीख जाहीर करू नये, ही माझी मागणी कायम आहे.