टाकळघाटची वाट आणि मत्तयाचा अठरावा अध्याय

टाकळघाट म्हटलं की नागपूरच्या बहुतेकांना विक्तुबाबांचं देवस्थान आठवतं. आमची वाटही तिथंच जाते, पण आम्ही चालतो ते दुसऱ्या एका माणसाच्या आठवणीत. सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी याच भागात बुडून गेले. १८४५ मध्ये ते स्कॉटलंडहून नागपूरला आले, पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली, आणि मग मराठी बोलत, दगड पारखत, गोंडांच्या बोलीतले शब्द टिपत हा मुलूख पालथा घातला. त्या दिवशी ते मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना बोरीच्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला मागे थांबले. सोबतचे लोक पुढे निघून गेले, अंधार पडला, आणि पावसानं फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना त्यांचा अंत झाला.

आमच्या चर्चच्या मंडळीतली थोडी माणसं लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत एक मुक्काम करून ही वाट पायी चालतात. आम्ही तिला पदयात्रा म्हणतो. पण सीताबर्डीला पहाटे चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतंच, "वारीला निघाले का जी?" आणि मी हो म्हणते. टाळ आहेत, पेटी आहे, म्हाताऱ्यांसाठी मागून ऑटो येतो आहे, तोंडात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग आहेत. मग ही वारी नाही तर काय? टिळकांनाही ख्रिस्ताची ओळख झाली ती इथूनच निघालेल्या वाटेवर. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये.

यंदा मलाही एका भावाकडे जायचं होतं, आणि तो याच वाटेवर माझ्यापुढे चालत होता.

झालं होतं असं. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक तांदूळ, तूर, भोपळे, संत्री, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलावाची वही महिला मंडळातर्फे माझ्याकडे असते. बोली बोलणारे सगळेच हातावर पैसे ठेवत नाहीत. कुणी पगार झाल्यावर देतो, कुणी नाताळच्या आधी. सगळं तारीखवार लिहिलेलं. तरी समितीतले एक भाऊ एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत बोलले की बाईंच्या वहीत पैसे जुळत नाहीत. वही त्यांनी पाहिलीच नव्हती. ही गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी, दर वेळी थोडी वाढून, माझ्यापर्यंत आली. जन्मभर शाळेत शिकवलं. सहलीचे उरलेले चार-आठ आणेसुद्धा मुलांना परत करणारी बाई मी. मला झोप लागेना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वहीचे फोटो काढून ग्रुपवर टाका. वकिलाची नोटीस द्या. सह्यांचा अर्ज करू, त्यांना समितीतून काढू. मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, आणि मी सुरुवात करताच विचारलं, "ताई, तुम्ही त्यांच्याशी बोललात?" मी नाही म्हटलं. "मग आत्ता मला काही सांगू नका. आधी त्यांच्याकडे जा. त्यांनी ऐकलं नाही तर मी तुमच्यासोबत येईन." त्या क्षणी मला रागच आला. पण आपल्याकडे भांडणं वाढतात ती बहुतेक अशा वेळी ऐकून घेणाऱ्यांमुळेच. ज्याच्याशी बोलायचं तो सोडून बाकी सगळ्यांशी बोलून होतं, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला कळतं ते सगळ्यांत शेवटी.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूनं क्रम स्पष्ट सांगितला आहे. भावानं अपराध केला तर आधी तू आणि तो, दोघंच. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. हे वचन आम्हाला पाठ आहे, पण सुरुवात मात्र मंडळीला सांगण्यापासून होते. सीताबर्डीहून वर्धा रोडनं निघालो तेव्हा मी ही दोन वचनं शेजारी-शेजारी ठेवून पाहत होते. डोंगरावरच्या प्रवचनात चूक माझी आहे आणि जायचं मी. अठराव्या अध्यायात चूक दुसऱ्याची आहे, तिथंही जायचं मीच. त्यानं आधी यावं, असं म्हणत घरी बसायला येशूनं जागाच ठेवलेली नाही.

अजनी चौकापासून डबलडेकर पुलाची सावली डोक्यावर होती, वरून मेट्रो जात होती, तोवर चालणं सोपं गेलं. विमानतळ मागे पडला, चिंचभुवन आलं आणि ऊन लागू लागलं. रस्त्याकडेला अधूनमधून पळस पेटलेला. भाऊ एकटेच पुढे चालले होते. मी पावलं उचलली आणि त्यांच्या बाजूला आले. समोरासमोर खुर्च्या टाकून जे बोलणं जमत नाही ते चालताना जमतं असा माझा अनुभव आहे. दोघांचेही डोळे रस्त्यावर असतात, आणि गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही.

"भाऊ, लग्नात तुम्ही माझ्या वहीबद्दल काही बोललात असं कानावर आलं. खरं काय ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोललो."

"काय पाहून बोललात?"

लिलावाच्या दिवशी जाहीर केलेला आकडा आणि बँकेच्या पावतीवरचा आकडा, यात त्यांना फरक दिसला होता. फरक होताच, मागाहून पैसे देणाऱ्यांचा. मी म्हटलं, "फरक दिसला तर तो विचारायलाच हवा. मंडळीचा पैसा आहे. पण मला विचारायचा होता ना?"

"तुम्ही मास्तरीण. तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही, ताई."

"आणि पंगतीत बोलायची झाली?"

हे मी चढ्या आवाजात म्हटलं नाही, पण गोडही करून सांगितलं नाही. माझी झोप गेली होती, महिला मंडळातल्या मुली माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या होत्या, तेही सांगितलं. प्रेषित पौलानं इफिसकरांना पत्रात प्रीतीनं सत्य बोला असं लिहिलं आहे. आमच्यातले पुष्कळ जण यातली प्रीती तेवढी घेतात. जाऊ द्या, प्रार्थना करू, म्हणून विषय झाकतात. झाकलेली गोष्ट कुजते. येशूनं अपराध विसर असं म्हटलेलं नाही, त्याला दाखव असं म्हटलं आहे. मात्र दाखवायचं कशासाठी, तर भाऊ परत मिळावा म्हणून. हे एकदा मनात बसलं की आवाज आपोआप खाली येतो.

वही माझ्या पिशवीत होती. खापरीच्या पुढं पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, तारखा पाहिल्या, आणि वही दोन्ही हातांनी परत दिली. "चुकलं माझं," म्हणाले. मी क्षमा केली. सोपं नव्हतं, तरी केली.

सगळ्यांचंच असं झालं नाही. आमच्यात दोन सख्खे भाऊ आहेत, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बोलणं बंद असलेले. थोरला चालतो आहे हे धाकट्याला वाटेत कळलं आणि तो खापरी स्टेशनवरून मेट्रोनं घरी परतला. कुणी त्याला अडवलं नाही, आणि ते बरं झालं असं मला वाटतं. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा, मार्क नावाच्या सहकाऱ्यावरून इतके भांडले की त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या; प्रेषितांच्या कृत्यांत ते लपवलेलं नाही. आणि पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधे वर्षं गेली. रोमकरांना तो लिहितो तेही मोजून: तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीनं राहा. समोरच्याचं मन आपल्या हातात नसतं, हे तो जाणतो.

जामठ्याच्या पुढे एका ओळखीच्या घरी मुक्काम होता. झुणका-भाकर झाल्यावर पाळकसाहेबांनी अठरावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. तसा सलग तो क्वचितच वाचला जातो, आणि सलग ऐकताना मला त्यात पुष्कळ काही नव्यानं दिसलं. भावाकडे जा, या वचनाच्या अगदी आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे, नव्याण्णव सोडून एकामागे जाणारा मेंढपाळ. म्हणजे अपराध्याकडे जाणं हे शोधायला जाणं आहे. जिथं दोघं-तिघं माझ्या नावानं जमतात, हे वचन आम्ही प्रार्थनासभेला माणसं कमी आली की म्हणतो. पण तिथं ते दोघं-तिघं भांडण मिटवायला जमलेले आहेत, आणि प्रभू म्हणतो मी त्यांच्यामध्ये आहे. मंडळीचंही जो ऐकणार नाही त्याला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा समज, असं वचन आहे. माणसाला वाळीत टाकायला ते वापरलेलं मी पाहिलं आहे. पण हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार, लोक ज्यांना तुच्छ मानत त्यांतला, आणि येशू त्याच्या घरी जेवायला बसला होता.

पुढे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, सात वेळा क्षमा करू का? त्यावर त्या चाकराची गोष्ट येते ज्याला दहा हजार तालांत, म्हणजे जन्मात फिटणार नाही एवढं कर्ज माफ झालं आणि जो सोबत्याच्या शंभर दीनारांसाठी गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दीनार म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई, काही किरकोळ रक्कम नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. दुसऱ्यानं दिलेलं दुःख क्षुल्लक आहे असं येशू कुठंच म्हणत नाही. मला माफ झालेलं त्याहून किती तरी जास्त आहे, एवढंच तो दाखवतो.

वाचन संपल्यावर एका तरुण मुलीनं हळूच विचारलं, नवरा मारतो, मग तिनंही एकांतात जाऊन बोलायचं का? पाळकीणबाईंनी तिला जवळ बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, नाही. याच अध्यायात सुरुवातीला लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचं वचन आहे. जिथं हात उचलला जातो, जिथं लेकरू धोक्यात आहे, तिथं आधी जीव वाचवायचा. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि मंडळीनं तिच्या बाजूनं उभं राहायचं आहे. समेटाच्या नावाखाली अशा लेकींना परत त्याच घरी धाडणारी माणसं आपल्यात आहेत. ती वचन अर्धंच वाचतात. ती मुलगी आता तिच्या आईकडे आहे.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीपर्यंत ट्रक आणि धूळच. तिथून आत वळल्यावर शेतं लागली. टाकळघाटला जाताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं टोपलीभर संत्री आमच्यापुढं ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. "इंग्रजाच्या नावानं येता का बाप्पा?" त्याला हिस्लॉपची गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ ऐकत राहिला. हिस्लॉपनंतर शंभरेक वर्षांनी नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी इथल्या परिसरात उत्खनन केलं आणि लोहयुगातल्या माणसांच्या खुणा पुढे आणल्या. मार्चमधल्या ओढ्याला घोटाभर पाणी. त्यात माणूस बुडेल हे खरं वाटत नाही. काठावर प्रार्थना झाली, एकमेकांना शांती दिली. भाऊ माझ्यासमोर आले तेव्हा आम्ही दोघांनी हात जोडले.

परतल्यावर त्यांनी समितीत उभं राहून सांगितलं की वही बरोबर आहे. मी त्यांना आणखी एक मागितलं: त्या पंगतीत ज्यांनी ऐकलं ते सगळे समितीत नाहीत, त्यांनाही सांगा. ते काही घरी जाऊन आले, काही घरं राहिली आहेत. त्या दोघा भावांपैकी थोरला मेट्रोतून परतलेल्या धाकट्याकडे एकटा जाऊन आला. दार उघडलं गेलं, बोलणं झालं नाही. आता दुसरी पायरी. पाळकसाहेब आणि मंडळीतले एक वडील थोरल्यासोबत जाणार आहेत, आणि धाकटा माझा चौथीतला विद्यार्थी म्हणून मलाही बोलावलं आहे. धाकट्यानं निरोप पाठवला आहे की या, पण पहिल्या दिवशी कागद काढायचे नाहीत. थोरल्यानं ते मान्य केलं आहे, आणि मी येते म्हणून कळवलं आहे.