साडेआठ किलो

सकाळी साडेनऊला रेडिएशनच्या टेक्निशियनचा फोन आला. "मॅडम, आपल्या कागलच्या पेशंटचा मास्क हलतोय. गालाजवळ दोन बोटं आत जातायत."

तोंडाच्या कर्करोगाला रेडिएशन देताना प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात. ती निवली की त्या माणसाच्या चेहऱ्याचा साचा तयार होतो. रोज तोच साचा लावून, टेबलाला अडकवून, मिलिमीटरच्या हिशोबानं किरण सोडतात. साचा सैल झाला याचा अर्थ चेहरा आटला. अशा वेळी डॉक्टरांच्या जोडीनं आहारतज्ज्ञालाही फोन करायचा असतो, हे आमच्याकडे फक्त या एका टेक्निशियनला सुचतं. मी त्याची ऋणी आहे.

गेली अकरा वर्षं मी कर्करोग विभागात आहारतज्ज्ञ आहे. हे दादा सत्तेचाळीस वर्षांचे. ऊस आणि थोडा तंबाखू पिकवणारे. निपाणी त्यांच्या गावापासून जवळ, त्यामुळे तंबाखू शेतातही आणि गालातही. ऑपरेशन झालेलं, नाकातून पोटात नळी, ३० रेडिएशन ठरलेले आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनचा केमो. मास्क बनवला त्या दिवशी वजन ५८ किलो. आज अठरावा रेडिएशन. मी त्यांना काट्यावर उभं केलं तर ४९.५. फाइल उघडली. मधल्या तीन आठवड्यांचे वजनाचे रकाने कोरे होते.

या कोऱ्या रकान्यांचा मला जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही. रक्ताचे रिपोर्ट वेळेवर लागतात, स्कॅन वेळेवर होतात आणि ज्याला एक पैसाही लागत नाही ते वजन कुणी घेत नाही. काटा ओपीडीच्या कोपऱ्यात आणि रेडिएशन तळघरात, एवढंच कारण.

ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर बाकावर बसल्या होत्या. मांडीवर स्टीलची बाटली. नळीतून काय देता म्हणून विचारलं तर त्यांनी अभिमानानं झाकण उघडून दाखवलं. गव्हांकुराचा रस. "पाचाला उठतो मॅडम. गवत कापतो, पाट्यावर वाटतो, फडक्यानं गाळतो. एक दिस चुकवला न्हाई." त्यांच्या नखांच्या कडा हिरव्या झाल्या होत्या. रसाखेरीज दुधी, गुळवेलीचा काढा आणि शहाळ्याचं पाणी. साखर, दूध, भात, डाळ, अंडं सगळं बंद. मी मनातल्या मनात बेरीज केली: दिवसाला चारशे कॅलरीही नव्हत्या. त्यांना हव्या होत्या किलोमागे पंचवीस ते तीस, म्हणजे दीड हजार ते सतराशे. वर साठ ते पंच्याऐंशी ग्रॅम प्रथिनं.

हे सगळं पुण्याच्या भाच्यानं ठरवलं होतं. तो दुपारी आला. शिकलेला, कॉम्प्युटरमधला मुलगा. मामांवर त्याचा जीव आहे, हे दोन मिनिटांत कळलं. "मॅडम, पेट स्कॅनमध्ये साखरच टोचतात ना? गाठ साखर ओढते म्हणूनच चमकते. मग आपण साखर का द्यायची?"

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकातच दाखवलं होतं की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भरमसाट वापरतात. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लखलखतो, म्हणून मेंदूला कुणी उपाशी ठेवत नाही. आपण खाल्लं नाही तरी शरीर रक्तातली साखर पडू देत नाही. ती स्नायू मोडून तयार करतं. मी त्याला मामांची मांडी दाखवली, गुडघ्याच्या वर हात गोल धरून. गाठीचं काही अडलं नव्हतं, माणूस मात्र संपत चालला होता. गुळवेलीचंही सांगितलं: २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला झालेली इजा प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. वाद असू दे, पण केमो चालू असताना तो वाद मामांच्या अंगावर नको. आणि कच्चा, न उकळलेला रस पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला देणं ही जंतुसंसर्गाची सरळसरळ जोखीम आहे.

मी जोडउपचारांच्या विरोधात नाही. टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांमध्ये योगाची रीतसर चाचणी केली, २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले, आणि योग करणाऱ्या गटात रोगमुक्त राहण्याचं प्रमाण सापेक्ष १५ टक्क्यांनी सुधारलेलं दिसलं. पण त्या सगळ्या स्त्रियांचे नेहमीचे उपचार चालूच होते. योग त्यांच्या जोडीला होता. भाचा ऐकत होता, आणि एकदम म्हणाला, "हे आम्हाला आधी का नाही कुणी सांगितलं?"

त्याला उत्तर देण्याआधीच वॉर्डमधून निरोप आला. दादांना भरती करून घेतलं होतं, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरनं अशक्तपणा बघून ग्लुकोजची बाटली लावली होती. मी जिना धावत चढले. इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज गेलं की रक्तातलं फॉस्फेट पेशींत खेचलं जातं, पोटॅशियमही पडतं, आणि हृदय बिघडू शकतं. आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायचं आणि मग किलोमागे दहा कॅलरींपासून हळूहळू वर जायचं, असा नियम आहे. अशक्त माणूस दिसला की सलाईन, ही सवय आपल्या लोकांनी डॉक्टरांना लावली की डॉक्टरांनी लोकांना, कोण जाणे. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. शंभर कॅलरीसुद्धा नाहीत, एका भाकरीपेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉस्फेट १.६ आलं, २.५ च्या खाली जायला नको असतं. शिरेतून फॉस्फेट, थायमिन, दर बारा तासांनी रक्त. तीन दिवस मी नीट झोपले नाही.

ते सावरल्यावर खरं काम सुरू झालं. नळीतून घट्ट काही उतरत नाही, म्हणून घरचे लोक पेज पातळ करत जातात, इतकी की शेवटी पांढरं पाणीच उरतं. याला एक उपाय आहे आणि तो आपल्याच स्वयंपाकघरातला आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून दळायची. भाजायची नाही. मोड येताना नाचणीत अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते पिठातला स्टार्च तोडतं. चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज शिजवायची, खाली उतरवून थोडी निवू द्यायची आणि त्यात या पिठाचा एक चमचा टाकून ढवळायचं. दोन-तीन मिनिटांत ती पेज डोळ्यांदेखत पातळ होते. धान्य तेवढंच, आणि नळीतून मात्र सरसर उतरते. मग पुन्हा एक उकळी, त्यात दूध, शेंगदाण्याचं बारीक कूट, तेल, शिजवलेलं अंडं घोटून, मलमलीतून दोनदा गाळायचं. दोनशे मिली, दर दोन तासांनी, डोकं उंच ठेवून, आणि नंतर साध्या पाण्यानं नळी धुवायची.

वॉर्डच्या पॅन्ट्रीत मी ताईंना हे करून दाखवलं. पेज पातळ झाली तशा त्या वाकून बघत राहिल्या. "आमच्यात आंबिलीला मोडाची नाचणी घालत्यात की," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाचला उठून त्यांनी गव्हांकुराऐवजी नाचणी भिजवली होती. पीठ माझ्यापेक्षा बारीक, आणि अमायलेजही जास्त असावं, कारण त्यांची पेज लवकर पातळ व्हायची.

भाच्याचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. पहिल्या दिवशी मीच दादांना भेटले होते. ओपीडीत चाळीस जण थांबलेले. मी छापील कागद दिला, "प्रथिनं वाढवा" म्हटलं आणि सात-आठ मिनिटांत पुढचा नंबर घेतला. ऑन्कोलॉजिस्ट तर "सगळं खा" एवढंच म्हणतात. नळी लावलेल्या माणसानं सगळं म्हणजे काय खायचं? भाच्यानं व्हिडिओ कॉलवर ताईंना दीड तास दिला होता. किती वाजता काय, कुठल्या भांड्यात, कशातून गाळायचं, सगळं.

नवा मास्क, नवा सीटी, नवं प्लॅनिंग यात चार दिवस रेडिएशन बंद राहिलं. डोक्या-मानेच्या कर्करोगात मध्ये पडणारा प्रत्येक दिवस रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक-दीड टक्क्यानं खाली आणतो. तीसही रेडिएशन पुरे झाले तेव्हा वजन ५१.२ होतं.

डिस्चार्जच्या दिवशी ताई पिशवी भरता भरता थांबल्या. "मॅडम, माझ्यामुळं झालं का हे?"

मी म्हणाले, "नाही हो ताई, तुमच्यामुळे काही नाही." त्यांनी मान हलवली आणि पिशवीची गाठ मारली.

चार दिवसांचा खंड आणि त्याचं कारण फाइलमध्ये लिहिलेलं आहे. ते मीच लिहिलं. फाइल त्यांच्याकडे असते, आणि भाच्याला इंग्रजी वाचता येतं.