आमची वाटचाल : बादली, पाइप आणि थोडा गाळ

घरोघरी जाऊन माशांचे टँक साफ करायचे, हा आमचा धंदा. त्याची पहिली कमाई १५० रुपये आणि पहिलं नुकसान ७ गोल्डफिश. दोन्ही एकाच घरातलं, ठाण्यात नौपाड्यातलं.

त्याआधी मी वागळे इस्टेटला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात होतो. शॉप बंद पडलं तेव्हा हाताशी एक जुनी स्कूटर आणि माशांचं वेड एवढंच उरलं. रविवारी कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात चक्कर मारायची सवय लग्नाआधीपासूनची. सासरे म्हणाले, "माशांवर पोट भरतं का कुणाचं?" बायको आतून म्हणाली, "कोळ्यांचं भरतं की."

तर नौपाड्यातले ते काका. २ फुटी टँक, त्यात ९ गोल्डफिश. ८ केशरी, १ काळा, वास्तूवाल्याने सांगितलेला हिशेब. एवढ्याशा पाण्याला ते आधीच जड होते, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं. मी मासे बादलीत काढले, सगळे खडे परातीत घेतले आणि मोरीत नळाखाली तांदूळ धुवावेत तसे चोळून चोळून धुतले. फिल्टरचा स्पंज पिळून पांढराशुभ्र केला. काचा पुसल्या, नवं पाणी भरलं. काकूंनी पोहे दिले. काका म्हणाले, "दुकानातल्यासारखा झाला हो!"

चौथ्या दिवशी फोन आला. मासे वर येऊन तोंडं वासत होते. आठवड्यात ७ गेले. पैसे परत द्यायला गेलो तर काकांनी घेतले नाहीत. काकूंनी पाणी विचारलं, पण पोह्यांच्या दिवशीसारखं नाही.

कुर्ल्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला हे सांगितलं. त्याने एकच विचारलं, "खडे धुतलेस?"

मग उमगलं. मासा जो अमोनिया टाकतो, तो बराचसा कल्ल्यांतूनच बाहेर पडतो. शी आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तो अमोनिया खाणारे जिवाणू खड्यांना आणि स्पंजला चिकटून राहतात. एक जात त्याचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते माशाला बऱ्यापैकी सोसतं. ही वस्ती नव्याने बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मी ती एका दुपारी क्लोरीनच्या पाण्याने मोरीत सोडून दिली होती. त्या दिवसापासून आमचा धंदा बदलला. लोक पैसे देतात स्वच्छ करायचे, आणि आमचं खरं काम काय स्वच्छ करायचं नाही हे ओळखण्याचं.

मग सायफन शिकलो. हत्यार साधं: पुढे रुंद नळकांडं, मागे लवचीक पाइप, पाइपचं टोक टँकपेक्षा खाली ठेवलेल्या बादलीत. सुरुवातीला तोंडाने ओढायचो. ते पाणी एकदा घशात गेलं की माणूस हातपंप विकत घेतो. नळकांडं खड्यांत उभं खुपसायचं. आत खडे उकळत्या भातासारखे वर-खाली नाचायला लागतात, आणि त्यांच्यातून पिंगट, कापसाच्या तंतूंसारखी घाण सुटून वर निघते. खडे जड म्हणून मागे राहतात, घाण हलकी म्हणून पाइपातून जाते. खडे जास्तच वर चढले की अंगठ्याने पाइप दाबायचा, ते झपकन खाली बसतात. नळकांडं उचलायचं, दोन इंच सरकायचं, पुन्हा खुपसायचं. एका फेरीत तळाचा फक्त अर्धा भाग, उरलेला पुढच्या वेळी. २×१×१ फुटांच्या टँकमध्ये साधारण ५६ लिटर पाणी. त्यातलं पाव काढायचं, म्हणजे एक बादली. बादली भरली की हात थांबला पाहिजे. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला आधी हे थांबणंच शिकवावं लागतं. स्पंज त्याच बादलीतल्या पाण्यात दोनदा दाबायचा, नळाखाली धरायचा नाही.

गिऱ्हाइकाला हे पटवणं सायफनपेक्षा अवघड. "दादा, तुम्ही अर्धंच केलंत," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पुढे टेस्ट किट घेतलं आणि बोलणं सोपं झालं. नळीत टँकचं पाणी, थेंब टाकायचे, ५ मिनिटं थांबायचं. पिवळी राहिली तर अमोनिया नाही, हिरवी झाली तर आहे. हिरवी नळी बघून काकू लोक लगेच ऐकतात. माझ्या तोंडाला ती किंमत नाही.

घोडबंदर रोडचे टॉवर भरायला लागले तसं काम वाढलं. नौपाडा, चरईतली गिऱ्हाइकं पायी करायचो. मानपाडा, कोलशेत, कासारवडवलीला स्कूटरवर पाइप गुंडाळून. बायकोने वही हातात घेतली. कुणाकडे कधी गेलो, किती पाणी बदललं, कोणता मासा सुस्त होता, सगळं तिच्या अक्षरात. घोडबंदरकडचं पाणी वेगळंच प्रकरण. आज नळाचं, उद्या टँकरचं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन म्हणून आम्ही हायपो टाकतो, पूर्वी फोटो धुणारे वापरत तोच. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतरचं पहिलं पाणी टँकमध्ये घालायचं नाही हा नियम बायकोचा, आणि तो मोडला की वहीत लाल शेरा.

एका टॉवरमध्ये पाइपचं टोक बादलीतून निसटलं. मी दारात कुरिअरवाल्याशी बोलत होतो. लाकडी फ्लोअरिंगवर चांगलं ३० लिटर पाणी. सायफन एकदा सुरू झाला की वरचं पाणी संपेपर्यंत त्याला कुणाची गरज नसते. भरपाई तीन हप्त्यांत दिली. तेव्हापासून पाइपला कपड्याचा चिमटा, आणि काम चालू असताना दार वाजलं तरी उघडायचं नाही.

सकर माशाचं एक सांगायलाच हवं. "घाण खायला सकर टाकलाय," हे निम्म्या घरांत ऐकतो. सकर शेवाळ खरवडतो, इतर माशांची शी खात नाही, उलट स्वतःच भरपूर करतो. दुकानातून दोन इंचांचा आणलेला दीड फुटाचा होतो, मग लोक विचारतात, "उपवन तलावात सोडू का?" अजिबात नाही. सकर तलावात माजला की तिथल्या माशांच्या मुळावर येतो. असे सकर आम्ही घरी आणतो. सध्या पाच आहेत. बायको त्यांना 'पेन्शनर' म्हणते.

धंद्याचा सीझन म्हणाल तर मे महिना आणि गणपतीनंतरचे आठ दिवस. माणसं कोकणात जातात, शेजारच्या मुलाला माशांच्या खाण्याचा डबा देतात, मुलगा माया म्हणून मूठभर दाणे टाकतो. परत येतात तर तळाला पांढरी बुरशी आणि पाण्याला वास. खरं तर धडधाकट मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो. आता जायच्या आधी फोन येतो तेव्हा मी सांगतो, डबा कुलपात ठेवा.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. मी व्हिडिओ कॉलवर लोकांना सायफन शिकवला. एका आजोबांनी गॅसची जुनी नळी लावली होती, ती काढायला लावली. उकडलेला मटार सोलून गोल्डफिशला चालतो हे तेव्हाच बऱ्याच जणांना कळलं. काही गिऱ्हाइकं स्वतः शिकली आणि परत आलीच नाहीत. बायको म्हणाली, धंदा फुकट वाटलास. वाटला खरा. पण त्यातल्याच दोघा-तिघांनी पुढे सोसायटीतली दहा-बारा घरं दिली.

आज आम्ही चौघं आहोत, दोन स्कूटर, आणि टँकमधून काढलेलं पाणी मागून नेणारे चार-पाच सोसायट्यांचे माळी. कुंड्यांना ते चांगलंच असतं.

रेटकार्डवर सगळ्यात खाली 'पूर्ण धुणे' अजून आहे, नेहमीच्या तिप्पट दराने. कुणी घेऊ नये म्हणूनच तो दर. गेल्या वर्षी एकांनी घेतलं, घर बदलत होते, टँक हलवायचाच होता. तरी आमच्याकडच्या पोराने त्यांचे खडे टँकच्याच पाण्यात भिजते ठेवून बादलीतून नेले आणि बिलावर दर नेहमीचाच लावला. बायकोने त्याला लाल शेरा दिला नाही.