नाही, मला स्वतःला काही झालेलं नाही

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिरांत मी स्वयंसेविका म्हणून जाते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘तुम्हाला स्वतःला झाला होता का?’ नाही म्हटलं की, ‘मग घरात कुणाला?’ आईला नव्हता, बहिणीला नाही, सासूबाई वयाने गेल्या. मग आवाज खाली येतो आणि तिसरा प्रश्न येतो, ‘संस्था काही मानधन देत असेल ना?’ एसटीचं भाडंसुद्धा मी माझ्या पेन्शनमधून देते.

इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता लिहिते, कारण या प्रश्नात जे गृहीत धरलेलं आहे ते मला सोसत नाही. बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्याची काळजी वाटायला ते दुखणं स्वतः भोगलेलंच असावं लागतं का? गावात वाचनालय काढणाऱ्याला कुणी विचारत नाही, की तुमच्या घरात कोण निरक्षर होतं.

मी शाळेत गणित शिकवायचे आणि या कामात मी आकड्यांमुळे आले. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आमच्या शेजारीच, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने एका आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर एक अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची चाचणी, झाली, त्यात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. ज्या गटात अशी तपासणी झालीच नाही, त्यात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे. मी ते आकडे कितीदा तरी वाचले. ज्वारी काढणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, आपल्याच बोलीत बोलणाऱ्या बायकांमुळे साऱ्या जगाला कळलं की हे मरण टाळता येतं. आणि देशात काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. हे वाचून घरी बसून राहणं मला जमलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण ते कुणाला पुरेसं वाटत नाही.

मग ज्याबद्दल तुम्ही विचारत नाही तेही सांगते.

आमच्या शिबिरात एचपीव्ही चाचणी नसते. ती महाग पडते, तिला प्रयोगशाळा लागते. आम्ही व्हीआयए करतो. पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला की पॉझिटिव्ह. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पुष्कळदा नुसती सूज असते. काहींच्यात कॅन्सरच्या आधीची अवस्था सापडते आणि तेवढा भाग काही मिनिटांत जाळून किंवा गोठवून टाकता येतो, पिशवी काढावी लागत नाही. पण उस्मानाबादच्याच त्या अभ्यासात व्हीआयएचा जो वेगळा गट होता त्यात मृत्यू खात्रीने कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात मात्र दिसलं, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथे दर दोन वर्षांनी त्याच बायकांकडे परत परत जाऊन तपासत होते. याचा अर्थ माझ्यापुरता मी असा लावते, की एकदा जाऊन, फोटो काढून, परत आलो तर आपण काय केलं याचा भरवसा नाही. परत जायला हवं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे काम सोडावं असं माझ्या मोठ्या मुलाचं म्हणणं आहे.

ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्याच्या आगेमागे साखर कारखान्यांवर निघतात, म्हणून आमची शिबिरं त्याआधी होतात. अशाच एका भाद्रपदातल्या शिबिरात एक बाई सासूबरोबर आली. तिशी नुकतीच ओलांडलेली, तीन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. अंगावर पांढरं जातं, कंबर धरते. पडद्यामागे मी तिच्या उशाशी उभी होते, तिचा हात माझ्या हातात होता. नर्सताईंनी औषध लावलं आणि डाग उठला. मी दोघींना बाजूला बसवून सावकाश सांगितलं, हा कॅन्सर नाही, मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून एकदा बघायचं, लागलं तर तिथेच छोटा उपचार, पिशवी काढायची नाही. हे शेवटचं मी तिला माझ्यामागून म्हणायलाही लावलं. चिठ्ठीवर मराठीत ठळक अक्षरांत ‘हा कॅन्सर नाही’ असं छापलेलं होतं, खाली डॉक्टरांसाठी इंग्रजीत निष्कर्ष. तपासणीची तारीख आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी जुळेना, म्हणून मी खटपट करून तारीख अलीकडे आणली. त्या सकाळी मी दवाखान्याच्या दारात उभी होते. ती आली नाही. नवऱ्याचा फोन बंद.

गुढीपाडव्यानंतर टोळी परतली तेव्हा तिच्या घरी गेले. मला बघून तिला आनंद झाला. चहा टाकला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, ‘ताई, तुमच्या चिठ्ठीवरच काढली की पिशवी.’

नणदेच्या नवऱ्याच्या ओळखीचा एक दवाखाना होता, शेजारच्या जिल्ह्यात. चिठ्ठी दाखवली, सोनोग्राफी झाली, आज ना उद्या कॅन्सर होणार असं सांगितलं गेलं. पैसे मुकादमाने दिले, उचलीत, म्हणजे हंगामाच्या आगाऊ पैशांत, धरून. टाके निघाले आणि ती फडात गेली. मोळ्या उचलल्या का, असं मी विचारलं. ‘मग? कोयता दोघांचा असतो,’ ती म्हणाली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यातला एक माणूस बसला की खाडा पडतो, म्हणजे मजुरी कापली जाते, हे तिने मला समजावून सांगायची गरज नव्हती.

मग तिने कॅरीबॅगमधून कागद काढून माझ्यापुढे ठेवले. काढलेल्या पिशवीचा प्रयोगशाळेतला रिपोर्ट त्यात होता. ‘क्रॉनिक सर्व्हिसायटिस’. जुनी सूज. कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची अवस्थासुद्धा नाही. दोन्ही अंडाशयंही काढल्याची नोंद होती.

‘काय लिहिलंय, ताई?’

मी म्हटलं, ‘कॅन्सर नव्हता.’

‘बरं झालं बाई. टायमावर काढली म्हणून वाचले.’ आणि सासू मला म्हणाली, ‘तुमी आलाव म्हणून कळलं. नायतर आमाला काय ठावं.’

त्या दोघी माझे आभार मानत होत्या.

मी पुढे बोलले नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप लागत नाही, असं ती सांगत होती. अंडाशयं काढल्याने पाळी जाण्याचं वय एकदम आलं, म्हणून हे होतंय, हाडंही लवकर झिजतील, यावर औषध आहे, हे सगळं सांगितलं. सरकारी दवाखान्यात तिला घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या. पण ‘तुझी पिशवी काढायची गरज नव्हती’ हे वाक्य मी उच्चारलं नाही. आमच्या गटातल्या डॉक्टरताई म्हणतात, तो तिचा हक्क होता, तू तो दिला नाहीस. मला तसं वाटत नाही. गेलेलं परत येणार नव्हतं, उचल फिटलेली नव्हती, पुढच्या दसऱ्याला तिला पुन्हा त्याच गाडीत बसायचं होतं. ‘मी वाचले’ या भरवशावर ती उभी होती. तो भरवसा काढून घेऊन मी तिच्या हातात काय ठेवणार होते? डॉक्टरताई यावर म्हणतात, म्हणजे तिच्या धाकट्या जावेवरही हीच वेळ आली तर ती तिला तिथेच नेईल. या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मी पुन्हा तिथे बसले असते तरी बोलले असते असं मला वाटत नाही.

मुलगा म्हणतो, ‘आई, तुम्ही गेलाच नसता तर तिची पिशवी शाबूत असती.’ याने मी रात्र रात्र जागी राहिले आहे. मग माझ्यातली ती जुनी गणिताची बाई उठते. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांना कुठे कुणी शिबिराची चिठ्ठी दिली होती? पांढरं जातं आणि कंबर दुखते एवढं कारण पुरलं. त्याच सुमारास बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला. आमच्या चिठ्ठीशिवायही तिला कुणीतरी त्या टेबलावर झोपवलंच असतं.

हे सगळं खरं आहे. आणि तरीही तिला नेलं ते माझ्या चिठ्ठीने.

३४ आणि ६४ हे आकडे मी अजूनही छातीठोकपणे सांगते. पण त्या ३४ च्या मागे बार्शीचा दवाखाना होता, पॉझिटिव्ह आलेल्या बाईला शोधत जाणारी माणसं होती, उपचार होते. जुनी मी मानते, की आधी तपासणी तर होऊ द्या, बाकीचं मागून येईल. आता मला वाटतं, बाकीचं आधी उभं राहिलं नाही तर तपासणीचा कागद त्या बाईच्या हातात एकटा पडतो, आणि एकट्या कागदाला गिऱ्हाईक फार. जुनी मी विचारते, मग तोवर ज्यांना खरंच कॅन्सर वाढतोय त्यांनी काय करायचं? ती काही खोटं बोलत नाही. देशात वर्षाला सुमारे ८०,००० बायका याने मरतात.

आम्ही काही बदल केले. आता इंग्रजी निष्कर्ष चिठ्ठीवर नसतो, आमच्या वहीत असतो. चिठ्ठीवर तारीख आणि आमचा फोन. यावरही आमच्या गटातल्या दोघीजणी नाराज आहेत, बाईचा कागद बाईकडेच हवा म्हणतात. शक्य तिथे उपचाराचं यंत्र आणि डॉक्टर शिबिरातच आणतो, म्हणजे सूज कुठली आणि इलाज करण्याजोगं काय, हे तिथेच ठरतं. प्रत्येक ठिकाणी ते जमत नाही.

सध्याचा वाद तीन गावांवरून आहे. तिथे यंत्र नेता येणार नाही आणि मागोवा घ्यायला कुणी राहणारं नाही. डॉक्टरताई म्हणतात, तिथे शिबीर घ्यायचंच नाही. मी म्हणते, घ्यायचं, आणि पॉझिटिव्ह निघेल तिला त्याच दिवशी गाडीत घालून न्यायचं. त्या विचारतात, मुकादमाची गाडी दारात उभी असताना? दसऱ्याआधी ठरायला हवं. अजून ठरलेलं नाही.