मँटाचा पंधरवडा: बोट गेली, हनिफारू परत आलं

मंडळी, मँटा (पंखांसारखे पर असलेला अवाढव्य रे मासा) बघायला डायव्हिंगची जी सुट्टी ठरवतो आहे, तिची बोट हातची गेली. मागच्या नोंदीत ज्या लिव्हअबोर्डचं (डायव्हर जिच्यावरच मुक्काम करतात अशा बोटीचं) मी तोंड भरून कौतुक केलं होतं, त्यांचं पत्र आलं: प्रत्येक प्रवाशाकडे अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड (डायव्हिंगच्या दुसऱ्या पायरीचं प्रमाणपत्र) हवं आणि लॉगबुकात किमान 50 डाइव्ह हव्यात. त्यांच्या माहितीपत्रकात 'ओपन वॉटरवाल्यांचंही (म्हणजे पहिल्या पायरीवाल्यांचंही) स्वागत' असं ठळक छापलेलं आहे. त्याबद्दल विचारलं तर म्हणे तो मजकूर दुसऱ्या मार्गासाठी होता. तो दुसरा मार्ग अटॉलच्या (कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या) आतल्या शांत रीफवरून जातो आणि मँटाच्या एकाही ठिकाणाला शिवत नाही. नियमाशी माझं भांडण नाही. कांडूच्या (अटॉलच्या कडेतून आत-बाहेर जाणाऱ्या खाडीच्या) तोंडाशी करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, चढला की नवख्याची टाकी बघता बघता संपते आणि सगळ्या गटाची डाइव्ह आटोपती घ्यावी लागते. पण हा नियम आगाऊ रक्कम भरायची वेळ आल्यावर सांगायचा असतो का?

बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, ही माझी मावसबहीण, हे जुन्या वाचकांना माहीतच आहे. कार्ड ताजं, लॉगबुक पातळ. "दादा, तू जाऊन ये, मी पुढच्या वर्षी बघते," असं तिने समजूतदारपणे म्हणून टाकलं. मी ते ऐकलंच नाही असं धरून चाललो आहे, कारण हा सगळा घाट तिच्या पहिल्या मँटासाठी आहे.

ठिकाणांच्या यादीची अवस्था आधी सांगून टाकतो. सुट्टी सप्टेंबरात, त्यामुळे अर्धं जग आपोआप बाद. थायलंडचं सिमिलान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद. फिलिपिन्सच्या तुब्बाताहाचा हंगाम मार्च ते जून. इंडोनेशियातल्या राजा अंपातला तेव्हा दक्षिणेचा वारा असतो. तिकडची खरी चंगळ ऑक्टोबरनंतर. मेक्सिकोतल्या सोकोरोचे महासागरी मँटा नोव्हेंबरपासून. तांबड्या समुद्रातल्या ब्रदर्स आणि डीडलसला पुन्हा तीच 50 डाइव्हची अट, शिवाय तिथे लोक हॅमरहेड आणि ओशनिक व्हाइटटिप शार्कसाठी जातात, मँटासाठी नाही. गालापागोसला डार्विन आणि वुल्फपाशी या काळात व्हेल शार्क असतात, पण गार पाणी आणि तिथला करंट नवख्या माणसाला झेपणारा नाही. कॅरिबियनमधलं बोनेअर मला मनापासून आवडतं. किनाऱ्यावरचा, डाइव्हची जागा दाखवणारा पिवळा दगड बघायचा, टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत पाण्यात शिरायचं. पण मँटा बघायला कोणी बोनेअरला जात नाही. उरले मालदीव आणि इंडोनेशियातली कोमोडो व नुसा पेनिडा.

खरा गुंता मालदीवचा, आणि गेले कित्येक दिवस त्यानेच डोकं खाल्लं आहे.

पहिली गाठ सुटली तेव्हा फार बरं वाटलं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे साधारण मे ते नोव्हेंबर, समुद्राचा मुख्य ओघ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी अटॉलच्या पश्चिम कडेने आत शिरतं आणि आतलं प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) घेऊन पूर्व कडेने बाहेर पडतं. मँटा त्या प्लँक्टनच्या मागे, म्हणून या दिवसांत पूर्व कडेला. ईशान्य वारे सुरू झाले की सगळं उलटं: मँटा पश्चिमेला, आणि पूर्वेच्या कांडूंत स्वच्छ पाणी व शार्क. 'मालदीवला मँटा कधी दिसतात?' या प्रश्नाला 'बारा महिने' हे उत्तर खरं आहे आणि निरुपयोगीही. कोणत्या महिन्यात कोणत्या कडेला, हे विचारायचं. हे कळल्यावर मी नकाशा पुढे ओढून पसंतीच्या यादीतली पश्चिमेकडची ठिकाणं खोडली, आणि जी रिसॉर्टं अटॉलच्या नेमक्या चुकीच्या बाजूला बसून 'मँटा आयलंड' म्हणवून घेतात ती जरा जास्तच आनंदाने खोडली.

या बाजूची किंमत मोजावी लागते, हेही लिहून ठेवतो. जिथे मँटा तिथे प्लँक्टन, आणि जिथे प्लँक्टन तिथे व्हिज (पाण्यात किती दूरचं दिसतं ते) बेताचीच. कॅमेरावाल्यांनी स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) घरी ठेवावेत. पाण्यातला प्रत्येक कण उजळून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. वाइड लेन्स लावून वरच्या उजेडावरच काम भागवावं. शक्य झालं तर एक फोटो पोटाचा घ्या. मँटाच्या पोटावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि संशोधक त्यावरूनच त्यांना ओळखतात.

दुसरी गाठ भरतीची, आणि ही अजून पुरती सुटलेली नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. उधाणाला पाणी जोरात हलतं, प्लँक्टन एका जागी कोंडलं जातं आणि मँटा जेवायला जमतात. पण त्याच दिवसांत करंटही जोरात, म्हणजे बडीला कांडूपाशी न्यायची सोय नाही. भांगाला पाणी तिच्या आवाक्यातलं, पण तेव्हा मँटांचा मोठा मेळा जमण्याची आशा कमी. मला हवे असलेले दिवस आणि तिला झेपणारे दिवस पंचांगात समोरासमोर बसले आहेत.

त्यात भरतीच्या अ‍ॅपनी भर घातली. जवळपास सगळी अ‍ॅप पाण्याची उंची सांगतात. आपल्याला हवा असतो प्रवाह. पाणी अमुक वाजता सर्वांत वर असेल म्हणजे करंट त्याच क्षणी थांबेल, असं मुळीच नाही. मालदीवसारख्या ठिकाणी तर भरतीचा चढउतार जेमतेम मीटरभराचा, त्यामुळे आलेखावरची गुळगुळीत वळणं बघून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात मोसमी ओघ भरतीच्या प्रवाहावर स्वार असतो. दोघे एका दिशेने निघाले की पाणी सुसाट, विरुद्ध असले की संथ. म्हणजे एकाच दिवशी भरतीची एक पाळी भयंकर आणि दुसरी सोपी, असं होऊ शकतं, आणि आलेखावर दोन्ही सारख्याच दिसतात. पैसे देऊन घेतलेलं अ‍ॅपही यात काडीचं पुढे नाही. फक्त त्याचे रंग छान आहेत.

मग मी तुमच्या नोंदींकडे वळलो. ज्यांनी आपल्या लॉगबुकाची पानं पाठवली त्यांचे आभार. विशेषतः ज्यांनी 'करंट: मध्यम' एवढ्यावर न थांबता 'आत जाणारा' की 'बाहेर येणारा' हे लिहून ठेवलं आहे, त्यांना दंडवत. ती सगळी पानं तारखेऐवजी तिथीनुसार लावली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली: त्रास झालेल्या डाइव्ह बहुतेक उधाणाच्या दिवसांतल्या तर होत्याच, पण त्यातही जवळजवळ सगळ्या कांडूच्या. त्याच दिवसांत आतल्या गिरीवर (अटॉलमधल्या छोट्या, उथळ प्रवाळ-उंचवट्यावर) उतरलेल्यांनी 'निवांत' लिहिलं आहे. इतक्या थोड्या पानांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. पण त्यामुळे प्रश्न बदलला. उधाण टाळायचं कारण नाही, उधाणात कांडू टाळायचं.

आणि कांडू टाळायचं तर बोट कशाला? लिव्हअबोर्ड एका अटॉलमधून दुसऱ्या अटॉलमध्ये जाते, तिचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पाणी आज कसं आहे हे बघून ती मुक्काम हलवणार नाही. जमिनीवर राहिलं तर सकाळी करंट बघून गिरीवर जायचं की थिलावर (पाण्याखाली बुडालेल्या प्रवाळ-टेकडीवर), की आज नुसतं वाळूत पडायचं, हे ठरवता येतं. म्हणून आता बा अटॉलची पूर्व कड, मुक्काम धरवंधू. बेटावरच विमानतळ आहे आणि धरवंधू थिलावर मँटाचं क्लीनिंग स्टेशन आहे. तिथे मँटा अंग साफ करून घ्यायला येतात, लहान क्लीनर रॅस त्यांच्या कातडीवरचे परजीवी खातात. आपण स्टेशनपासून दूर, तळाशी गुडघे न टेकवता, हात आवरून थांबायचं. जेवणाऱ्या मँटामागे धावण्यापेक्षा नवख्या बडीसाठी हे मला जास्त बरं वाटतं. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं, मात्र पक्की हवी.

धरवंधूच्या शेजारी हनिफारू. आमच्या यादीतून ते सर्वांत आधी कटलं होतं, कारण 2012पासून तिथे टाकी घेऊन उतरायला बंदी आहे. फक्त स्नॉर्कलिंग, तेही परवानाधारक गाइडबरोबर आणि 45 मिनिटांच्या मर्यादेत. डाइव्हच्या सुट्टीत स्नॉर्कल कसला करायचा, म्हणून मी नाक मुरडलं होतं. पण परवा परतीचं विमान बसवताना लक्षात आलं की शेवटचा दिवस तसाही वाया जाणार आहे. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्यावर उडण्याआधी किमान 18 तास थांबा, अशी डॅनची (डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची) शिफारस आहे, कारण डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. मी 24 धरतो. अंतर्गत विमान आणि सीप्लेनही त्यात आलेच, छोटं विमान म्हणून सूट नाही. तो कोरडा दिवस हनिफारूला! टाकी नाही, म्हणजे नवा नायट्रोजन नाही. फक्त एक पथ्य: पृष्ठभागावरच तरंगायचं, मँटामागे श्वास रोखून खाली सूर मारायचा नाही. सलग डाइव्ह केलेल्या अंगाने लगेच फ्रीडायव्हिंग करू नये, हे बडीला आत्तापासून बजावतो आहे. खरं तर मोह मलाच होणार आहे.

हनिफारूचं गणितही उधाणाशी जुळतं. भरतीचं पाणी त्या चिंचोळ्या उपसागरात शिरतं, प्लँक्टन अडकतं, आणि जमून आलं तर शंभरावर मँटा एकामागे एक गोल फिरत तोंडं उघडी टाकून खाताना दिसतात. जमून आलं तर, हे तीन शब्द तुम्हीही लक्षात ठेवा. आणखी एक सोय: एखाद्या ठिकाणी उधाणाची भरती दर वेळी साधारण घड्याळाच्या त्याच वेळेला येते, म्हणजे मागच्या पंधरवड्याचा तक्ता बघून पुढच्याचा अंदाज बांधता येतो. इथे मात्र उंचीवालं अ‍ॅप कामाचं आहे, वरचं बोलणं तेवढ्यापुरतं मागे घेतो.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं, आणि त्याने वेळापत्रक उलटंपालटं होणार. सध्याच्या तारखांना पहिले दिवस पौर्णिमेला लागून आहेत आणि हनिफारूचा शेवटचा दिवस भांगाच्या जवळ येतो. म्हणजे बडीला सर्वांत कठीण पाणी पहिल्याच दिवशी, आणि मँटाची सर्वोत्तम संधी हुकलेली. सुट्टी आठवडाभर पुढे ढकलली तर सुरुवात अष्टमीच्या आसपास होते. त्या शांत दिवसांत तिचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स उरकायचा: पाच डाइव्ह, त्यातल्या डीप आणि नॅव्हिगेशन सक्तीच्या. मग तिची खोलीची 18 मीटरची मर्यादा 30वर जाते आणि पाणी वाढत असताना आम्ही थिलाकडे सरकतो. मालदीवमध्ये 30 मीटर ही करमणुकीच्या डायव्हिंगची कायदेशीर मर्यादाच आहे, त्यामुळे त्याखाली काय आहे याची रुखरुख नको. शेवट अमावास्येच्या उधाणात, हनिफारूला. एका आठवड्याच्या सरकण्याने तिन्ही गोष्टी रांगेत बसतात, आणि हे मला इतक्या दिवसांत दिसलं नाही याचं कारण मी सारखा बोटीच्या निघण्याच्या तारखांकडे बघत होतो.

रजा सरकवून मिळेल का, हे सोमवारी कळेल. नाही मिळाली तर कोमोडो. करांग मकासारच्या उथळ, तुटक्या प्रवाळाच्या पठारावर ड्रिफ्ट करत मँटा बघता येतात आणि सप्टेंबर तिथला कोरडा हंगाम. तिथलं बातू बोलाँग मी एकटा, बडीशिवाय करेन, तेही गाइडने 'आत्ता' म्हटल्यावरच. तिथल्या खाली ओढणाऱ्या करंटचे किस्से इथे बरेच जण सांगून गेले आहेत. नुसा पेनिडा तिसऱ्या क्रमांकावर घसरलं. मँटा पॉइंट उथळ आहे हे खरं, पण दक्षिणेकडून येणारी लाट सतत हलवत राहते, आणि तिथल्याच क्रिस्टल बेला मोला (सनफिश) बघायचा हंगाम असला तरी ते थंड पाणी बडीच्या तीन मिलीमीटरच्या सूटचं काम नाही.

सामानाचं थोडक्यात. बडीसाठी भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर नको, स्वतःचा घेतोय. मोठे आकडे, साधी बटणं, नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजनच्या हवेची) सोय, एवढं पुरे. टाकीतला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर विक्रेत्याने फार आग्रहाने सुचवला. पहिल्या पन्नासात प्रेशर गेज हातात धरून बघायची सवय लागू दे, मग बघू. रीफ हुक (करंटमध्ये खडकाला अडकवून थांबायचा आकडा) मी तिच्या यादीतून काढला. हुक लावून थांबावं लागेल अशा पाण्यात आम्ही जाणारच नाही. एसएमबी (बोटीला आपली जागा दाखवणारा फुगा) मात्र दोघांकडे वेगवेगळा, आणि तो फुगवायचा सराव आधी तलावात.

आता एकच मागणं. बा अटॉलच्या पूर्व कडेला सप्टेंबरात उतरलेल्या कोणाकडे अष्टमीच्या अलीकडच्या-पलीकडच्या डाइव्हच्या नोंदी असतील तर पाठवा. खोली, व्हिज, काय दिसलं, हे नसलं तरी चालेल. वेळ आणि करंटची दिशा तेवढी हवी. धरवंधू थिला सकाळच्या पहिल्या डाइव्हला करायचा की दुसऱ्या, हे अजून अडलेलं आहे.